सोलापूरचं गाणं

स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातल्या मित्राचा फोन आला, तेव्हा त्याने आधीच अट घातली. "छड्या, डबे आणि मागच्या बाकावरच्या गमती सोडून लिही बे. ते सगळेच लिहून देतायत." बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुनी गाणी आणि त्यांच्या जन्मकथा गोळा करत बसतो, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून गाण्यांवरच लिहितो. पण सुरुवात शाळेतूनच करावी लागेल, त्याला इलाज नाही.

डिसेंबर १९७६. आपण नववीत. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मराठीच्या सरांनी 'गावोगावची गाणी' असा कार्यक्रम ठरवला होता. प्रत्येक तुकडीने चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत निघेल त्या गावाचं किंवा वास्तूचं गाणं म्हणायचं. 'अ'ला मुंबई मिळाली, 'ब'ला पंढरपूर, 'ड'ला ताजमहाल. आमच्या 'क'च्या चिठ्ठीत निघालं 'आपलं सोलापूर'. आम्ही टाळ्या पिटल्या. म्हटलं, घरचंच कार्य!

आठ दिवसांत घाम फुटला. मुंबईवर गाणी मोजता येऊ नयेत इतकी, पंढरपूरला तर तोटाच नाही, ताजमहालावर सिनेमेच्या सिनेमे. सोलापूरवर मात्र एकही गाणं सापडेना. रेडिओच्या दुकानात विचारलं, नव्या पेठेतल्या रेकॉर्डवाल्याला विचारलं. एका बँड मास्तरांना विचारलं, तर त्यांनी 'नागिन'ची धून वाजवून दाखवली आणि वरातीची सुपारी आहे का म्हणून विचारलं.

तेव्हा आमच्या तुकडीतला एक मित्र हळूच म्हणाला, "आमच्या अम्माला एक येतं. त्यात गिरणीचा भोंगा आहे." तो पूर्व भागातला. वडील मागावर, आई घरी विड्या वळायची. मी तुकडीचा प्रतिनिधी म्हणून त्याच्या घरी गेलो. एका खोलीत सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन पाच-सहा बायका बसलेल्या. त्याच्या आईने विड्या वळता वळताच गाणं म्हटलं, बाकीच्यांनी धरलं. तेलुगूत होतं. मित्राने अर्थ सांगितला, तो मला अर्धामुर्धा आठवतो. भोंगा कोंबड्याच्या आधी उठतो. चिमणीचा धूर माहेरच्या दिशेला जातो. हजार विड्यांची मोजणी संपत नाही तोवर चूल पेटत नाही. माहेर म्हणजे तेलंगणातलं कुठलंसं विणकरांचं गाव.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "चांगलं आहे, पण तेलुगू कुणाला कळणार?" तो काही बोलला नाही. मी 'सी.आय.डी.' सिनेमातल्या मुंबईच्या गाण्याची चाल घेतली आणि तीवर शेंगाचटणी, कडक भाकरी, चादर आणि सिद्धेश्वर तलाव असे शब्द बसवले. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. ते स्टीलचं फुलपात्र अजून माझ्या घरी आहे.

ज्या चालीवर मी डल्ला मारला ते गाणं १९५६ सालचं. मजरूह सुलतानपुरींचे शब्द, ओ. पी. नय्यरांचं संगीत, आवाज महंमद रफी आणि गीता दत्त यांचे. वरवर हलकंफुलकं वाटतं, पण नीट ऐकलं तर मुंबईत जगणं किती अवघड आहे याचीच ती तक्रार आहे. शहरावरच्या गाण्यांचा शोध घ्यायला लागल्यावर मला पहिली गोष्ट ही उमगली की, नुसती स्तुती असलेली गाणी फार टिकत नाहीत. टिकतात ती भांडणारी.

मुंबईचीच गोष्ट घ्या. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६ ते १९४५), सांगलीकडच्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण सोडून फडावर उभे राहिले. त्यांनी मुंबईवर लावणी केली आणि तीत शहराला रावणाच्या लंकेची उपमा दिली. खेड्यातून आलेला माणूस त्या झगमगाटाकडे तोंड उघडं टाकून बघतोय, असा सगळा बाज. पुढे त्याच मुलखातला, वाटेगावचा एक तरुण चालत मुंबईला गेला, गिरणगावात राबला आणि त्यानेही 'मुंबईची लावणी' लिहिली. हे अण्णा भाऊ साठे. त्यांनी मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले. इकडे सुख भोगणारे, तिकडे रात्रंदिवस राबणारे. जुन्या लावणीला नव्या लावणीने दिलेलं ते उत्तरच होतं. शहर तेच, पण कुठल्या खिडकीतून बघता यावर गाणं ठरतं.

ताजमहालाचंही तसंच आहे. १९६४च्या 'लीडर'मध्ये शकील बदायुनींनी ताजवर गाणं लिहिलं, नौशादांनी चाल बांधली, रफी आणि लता मंगेशकर गायले. त्यात ताज म्हणजे प्रेमाची निशाणी. साहिर लुधियानवींची 'ताजमहल' नावाची उर्दू कविता त्याच्या किती तरी आधीची. तिचं म्हणणं उलटं. बादशहाने दौलतीच्या जोरावर गरिबांच्या प्रेमाची थट्टा केली आहे, असं साहिर सुनावतो. 'ड' तुकडीने अर्थातच 'लीडर'चं गाणं म्हटलं होतं. पाठीमागचा पडदा गड्ड्याच्या जत्रेतल्या फोटोवाल्याकडून आणलेला होता, एका बाजूला ताज आणि दुसऱ्या बाजूला विमान.

पंढरपूरवाल्यांना पहिलं बक्षीस मिळालं. त्या वेळी आम्ही कुरकुरलो, देवाच्या नावावर मार्क मिळवले म्हणून. आज वाटतं, जगात एका गावावर इतकी गाणी झाल्याची दुसरी उदाहरणं थोडीच निघतील. एक नदीकाठ, एक वाळवंट, एक वीट, आणि सातशेहून अधिक वर्षं माणसं त्यावर रचतायत, म्हणतायत. आणि हे गाव आपल्याच जिल्ह्यातलं. सोलापूरवर गाणं नाही म्हणून रडणारे आम्ही हे सोयीस्कर विसरलो होतो.

पण तिथेही भांडण आहेच. चोखामेळा मंगळवेढ्याचा. त्याला देवळात प्रवेश नव्हता. त्याच्या अभंगांतलं पंढरपूर हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसणारं पंढरपूर आहे. गावाचा तट बांधण्याच्या कामावर असताना तो कोसळून चोखोबा मंगळवेढ्यातच गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपुरात आणल्या, अशी परंपरा सांगते, आणि समाधी कुठे, तर महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीच्या समोर. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं.

आता गंमत बघा. ज्या मंगळवेढ्यात चोखोबा गेले, त्याच मंगळवेढ्याच्या मातीतला एक गायक विसाव्या शतकात पंढरी घरोघरी पोहोचवतो. प्रल्हाद शिंदे. बाबासाहेबांवरची भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी त्यांनी सारख्याच ताकदीने गायली. आषाढीच्या आधी आठ दिवस सोलापूरच्या एसटी स्टँडपासून पंढरपूरच्या घाटापर्यंत कर्ण्यांतून दुसरा आवाज ऐकू यायचा नाही. २००४ साली ते गेले. 'ब' तुकडीने त्यांचीच चाल उचलली होती आणि पेटी वाजवणारा आपला वर्गबंधू अजूनही वारीला जातो. त्याला हा मंगळवेढ्याचा धागा मी अलीकडेच सांगितला, तर तो बराच वेळ गप्प बसला.

आता सोलापूरकडे येतो. आमच्या त्या फजितीचं मूळ काय, हे शोधताना पहिल्यांदा हाताला लागला सिनेमा. व्ही. शांताराम यांनी लागोपाठच्या दोन वर्षांत दोन सोलापूरकरांवर चित्रपट केले, याकडे आपलं लक्षच जात नाही. १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, चिनी सैनिकांची सेवा करता करता १९४२च्या डिसेंबरात चीनमध्येच वारले. मग १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी'. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि शांताराम यांचं, कथा-संवाद-गीतं ग. दि. माडगूळकरांची, भूमिका जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या. दोन्ही चित्रपटांचं संगीत वसंत देसाईंचं. दुसऱ्यातल्या लावण्यांनी महाराष्ट्र वेडा झाला. पण त्या 'पुण्याच्या पेशवाईतल्या' लावण्या म्हणूनच लोकांच्या डोक्यात बसल्या. सोलापूर मागे राहिलं.

रामजोशी मात्र अस्सल सोलापूरचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. घर शास्त्री-पुराणिकांचं, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगायचे आणि हे धाकटे चिरंजीव धोंडी शाहिराच्या फडात. भावाने घराबाहेर काढलं. मग पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकले, परत आले, कीर्तनं केली आणि शेवटी पुन्हा डफ-तुणतुणंच जवळ केलं. बारामतीच्या मोरोपंतांशी त्यांचा स्नेह जमला, आणि पंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्याचं मोठं काम या तमासगिराने केलं. मला त्यांच्यातलं सर्वांत सोलापुरी काय वाटतं सांगू? मराठी, कानडी, हिंदी, संस्कृत एकाच रचनेत गुंफण्याचं कसब. पुण्यातल्या कवीला ते सुचलं नसतं. माणिक चौकात भाजी घेताना चार भाषा कानावर पडणाऱ्यालाच ते सुचतं.

आणि इथेच माझ्या नववीतल्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं होतं. सोलापूरचं गाणं आम्ही फक्त मराठीत शोधत होतो.

सोलापूरचं सर्वांत जुनं गाणं कानडीत आहे. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, लिंगांची स्थापना केली. त्यांची वचनं कानडीत, आणि त्यांची नाममुद्रा 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. पुढे राघवांक या कवीने 'सिद्धरामचरित्र' हे काव्य रचलं. त्यात आपलं गाव 'सोन्नलगी' या नावाने येतं. म्हणजे मुंबई जेव्हा कोळ्यांची बेटं होती, तेव्हा सोलापूरवर आख्खं काव्य होतं! 'शून्यसंपादने' या नंतरच्या ग्रंथातला एक प्रसंग मला फार आवडतो. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात, तर तलावाचं खोदकाम चाललेलं. ते मुद्दाम हिणवून विचारतात, कुठे आहे तो माती उपसणाऱ्यांचा राम? मजूर चिडतात, दगड मारायला धावतात. त्यातून सिद्धराम आणि अल्लम यांचा संवाद सुरू होतो आणि सिद्धराम कल्याणला बसवण्णांच्या मंडळात जातात. तलावाकाठी भेळ खाताना आपल्याला यातलं काही ठाऊक होतं का? मला तरी नव्हतं.

बरं, ते पोथीत बंद आहे म्हणावं तर तसंही नाही. दर संक्रांतीला भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. नंदीध्वज उभे असतात, कानडीतून संमतीचं वाचन होतं आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं अक्षता टाकतात. घरात तेलुगू, मराठी, उर्दू, मारवाडी बोलणारे सगळे योग्य जागी 'हर्र' म्हणतात, अर्थ कळो न कळो. मीही लहानपणापासून तिथे उभा राहिलो आहे. तिथे कधी मला "कानडी कुणाला कळणार" असं वाटलं नव्हतं.

भाषेचा हा गुंता आपल्या पिढीच्या लहानपणी चांगलाच तापलेला होता. १९६७च्या महाजन अहवालाने अक्कलकोट, जत आणि दक्षिण सोलापुरातली गावं धरून २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावीत असं सुचवलं होतं. महाराष्ट्राने ते मानलं नाही. त्याच्या दहा वर्षं आधीच्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सगळ्यांत बुलंद आवाज होता तो आपल्या बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांचा, म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६ ते १९६९) यांचा. अण्णा भाऊंनी मुंबईला गेलेल्या माणसाची गावी राहिलेली मैना लिहिली. ती ऐकताना लोक बायकोच्या आठवणीने रडायचे आणि गाणं संपेपर्यंत कळायचं की, ही मैना म्हणजे तुटून राहिलेला मराठी मुलूख. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतातही आपली भीमा येते, पण तट्टांना पाणी पाजण्याच्या निमित्ताने, आणि पाणी यमुनेचं! असो, तेवढा मान तरी मिळाला.

अशा वातावरणात शाळेच्या मंचावर तेलुगू गाणं म्हणायचं मला धाडस झालं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मंचावर कुणी अडवलं नसतं. सरांना तर मी विचारलंच नव्हतं.

दर १२ जानेवारीला आपली प्रभातफेरी चार पुतळ्यांपाशी जायची, ती आठवा. १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं. ८ मेला रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडण्यावरून ठिणगी पडली, गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, ऐन गड्ड्याच्या दिवसांत. पुतळ्यांसमोर एक म्हातारे शाहीर पोवाडा म्हणायचे आणि ही चार नावं एका दमात घ्यायचे. नावं पुन्हा वाचून बघा. या चौघांच्या घरात एकच भाषा बोलली जात असेल का? कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. त्या पोवाड्याचे शब्दही कुणी उतरवून ठेवलेले मला मिळाले नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या वहीत असतील तर कळवा.

आणि गिरण्या. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. निजामाच्या राज्यातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले, हातमागावर बसले, मग यंत्रमागावर. बायका विड्या वळू लागल्या. त्यांनी येताना बतुकम्माची गाणी आणली. फुलांचा डोंगर मध्ये ठेवून टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरायचा. आपल्या भोंडल्याची ती सख्खी बहीणच. नवरात्रात कन्ना चौकाच्या बाजूला गेलात तर अजूनही ऐकाल. या बायकांनी जुन्या चालीत इथला भोंगा, इथली चिमणी, इथली विड्यांची मोजणी भरली असणार, यात नवल काय? मराठीत जात्यावरच्या ओवीत आगगाडी आली, तसंच. मुंबईच्या गिरणगावाला अण्णा भाऊ मिळाले, छापखाने मिळाले, पुढे रेकॉर्ड कंपन्या मिळाल्या. सोलापूरच्या गिरणगावाची गाणी घरात राहिली, बायकांच्या तोंडी, आणि दोन-तीन भाषांत विखुरलेली.

जुनी गिरणी आपल्या लहानपणीच बंद पडली होती. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. भोंगा बंद झाल्यावर कित्येक महिने आमचे वडील पहाटे त्याच वेळेला उठून खाटेवर बसून राहायचे.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या मित्राकडे गेलो. चाळीस वर्षांत आम्ही लग्नकार्यात भेटलो होतो, पण हा विषय कधी काढला नव्हता. तो आता मुलाबरोबर अक्कलकोट रोडला राहतो. चार यंत्रमाग होते, ते विकले. चहा झाल्यावर मी म्हटलं, "अम्माचं ते गाणं आठवतं का?" त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाला, "तू त्या दिवशी गेल्यावर ती मला विचारत होती, कधी म्हणायचं आहे स्टेजवर? इतर बायकांनापण घेऊन येऊ का? तिने साडीसुद्धा काढून ठेवलेली."

मला हे माहीत नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला."

अम्मा २००९ साली गेल्या. मित्राला त्यातल्या दोन ओळी येतात. तेवढ्या त्याने म्हणून दाखवल्या, मी फोनवर रेकॉर्ड केल्या. मध्येच त्याचा नातू येऊन, आजोबा काय म्हणतायत, म्हणून हसायला लागला, तोही आवाज त्यात आहे. चाल मात्र मला लगेच ओळखीची वाटली. चाल मी विसरलोच नव्हतो.

त्या खोलीत बसलेल्या बायकांपैकी एक अम्मांची धाकटी बहीण होती. ती लग्नानंतर भिवंडीला गेली, आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकू येतं, पण म्हणायला सांगितलं की थांबत नाही म्हणे. स्नेहमेळावा आटोपला की आम्ही दोघं भिवंडीला जाणार आहोत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. वही मी घेणार आहे आणि शब्द उतरवून द्यायला मित्राची सून येणार आहे, तिला तेलुगू वाचता-लिहिता येतं.